कुंपणाला काळी मैना



सध्या मोबाइलवर ब्लॅकबेरीचा एक व्हिडिओ फिरतोय. हिरवंगार झुडूप, त्याला लगडलेली काळीभोर फळं, आणि बाई टोपली भरतेय. तो पाहून तीन-चार गावांतल्या गटांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "ताई, हे आपल्या परसात लागेल का? रोपंवाला मोटरसायकलवर येतो, चित्र दाखवतो आणि लगेच पैसे मागतो." आजचं बोलणं त्याच प्रश्नावर आहे.

आधी सरळ उत्तर देतो. नका घेऊ. ब्लॅकबेरी थंड मुलखातलं झाड आहे. हिवाळ्यात काही आठवडे कडक थंडी मिळाली, तरच ते पुढच्या हंगामात नीट फुलतं. त्याची बहीण रासबेरी आपल्या महाराष्ट्रात महाबळेश्वरला होते, कारण तिथली हवा तशी आहे. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. दुपारी अंगणात पाय ठेवला तर पोळतो. तिथे ते नाजूक झुडूप काय तग धरणार? बरं, रोपंवाला जे देतो ते ब्लॅकबेरी असेलच, असंही नाही. पुष्कळदा ते तुतीचं रोप निघतं. तुती वाईट नाही, आपल्याकडे छान येते, मुलं आवडीने खातात. पण तुतीची फांदी कुणाकडूनही फुकट मिळते आणि जमिनीत खोचली की फुटते. तिच्यासाठी दीडशे रुपये मोजायचं कारण नाही.

आता खरी गोष्ट. काळं, आंबटगोड फळ देणारं काटेरी झुडूप आपल्याकडे आहेच की! करवंद. उन्हाळ्यात एस. टी. स्टँडवर "डोंगराची काळी मैना" म्हणून जे विकायला येतं, तेच. आपल्या धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात तर करवंद नावाचं गावच आहे. अरुणावती नदीवर त्याच नावाचं धरण आहे, आणि शिरपूर शहरात करवंद नाका आहे. सातपुड्याच्या पायथ्याला, साक्रीच्या पश्चिमेकडे डोंगरात राहणाऱ्या आपल्या भिल्ल, पावरा आणि कोकणी भगिनी आखाजीच्या सुमारास पाट्या भरून करवंदं आणतात. पळसाच्या पानाच्या द्रोणात मोजून देतात. आपण घेतो, खातो, बिया थुंकून टाकतो. त्या थुंकलेल्या बियांतून आपल्या परसबागेचं कुंपण होऊ शकतं.

कुंपण हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. परसबाग लावा, असं सांगणारे पुष्कळ आहेत. बियाण्याचं पाकीट मिळतं, वाफे कसे करायचे ते सांगतात, फोटो निघतो. पण परसबाग मोडते कशाने? पाण्याने कमी आणि शेळीने जास्त. आमच्या एका गटातल्या ताईने मेथी, पालक, गवार, वांगी असं सगळं लावलं होतं. बोटभर वर आलं आणि एका पहाटे शेजारच्या तीन शेळ्यांनी साफ केलं. वर शेजारणीशी भांडण झालं ते वेगळंच. ती ताई म्हणाली, "माय वं, बाग नको आन कटकट नको." पुढची दोन वर्षं तिच्या परसात काही उगवलं नाही. ती भाजी विकत आणते, आणि बाजाराच्या दिवशी हातात पैसे नसले तर आणतही नाही. घरात सून पोटुशी असताना ताटात पालेभाजी नसणं किती महाग पडतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

मग आपण कुंपण करतो ते कशाचं? बाभळीच्या, बोरीच्या काट्यांचं. ते तोडायचे, डोक्यावर वाहून आणायचे, लावायचे. पुढच्या पावसात ते कुजतात, वाळवी लागते, की पुन्हा तेच. हे काम घरात कोण करतं? आपणच. दुसरं कुंपण असतं कपाशीच्या पऱ्हाट्यांचं. त्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. पऱ्हाटीवर शेवटची किडकी, न उमललेली बोंडं राहिलेली असतात. गुलाबी बोंडअळी त्यांच्यात झोपून राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते. २०१७ सालच्या खरिपात या अळीने आपल्या महाराष्ट्रातल्या कपाशीचं काय केलं ते आठवा. कृषी विभाग तेव्हापासून सांगतोय, की वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून त्यांची विल्हेवाट लावा, बांधावर आणि घराजवळ साठवून ठेवू नका. म्हणजे आपण भाजी वाचवायला जे कुंपण करतो, त्यातूनच घरच्या कपाशीला अळी लागते. आणि तारेचं कुंपण? त्याचा खर्च मालक शेतासाठी करतील. बाईच्या चार वाफ्यांसाठी तार कोण आणतं हो?

करवंदीची जाळी एकदा उभी राहिली की पुन्हा काटे वाहायचे नाहीत. झाड बाराही महिने हिरवं असतं, काटे जोडीने येतात आणि चांगले टणक असतात. पाणी कमी लागतं. मुरमाड, हलक्या जमिनीत येतं, म्हणून साक्री, शिंदखेड्याच्या उजाड जागांनाही चालतं. मात्र एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा. बी टाकल्यापासून शेळी अडवण्याइतकं दाट कुंपण व्हायला तीन ते चार वर्षं लागतात. ज्या ताईला यंदाच हवंय, तिला यंदा काटेच लावावे लागतील. पण काट्यांच्या आतल्या बाजूने करवंद लावलं, तर तीन वर्षांनी काटे आणणं थांबेल. रोही उडी मारून येतो, त्याला हे कुंपण अडवत नाही, हेही सांगून ठेवतो. शेळी, वासरू, कोंबड्या, कुत्री यांच्यासाठी ते आहे.

आता लावायचं कसं ते सांगतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

आखाजीला लेकी माहेरी येतात, बाजारात करवंदं येतात, तीच बी धरायची वेळ. पूर्ण पिकलेली, काळी, मोठी फळं निवडा. ज्या पाटीतलं फळ गोड लागलं, त्या पाटीतलं बी धरा. गर खाऊन टाका, बी चुलीच्या राखेत चोळा म्हणजे चिकटपणा जातो. मग धुवून सावलीत एक-दोन दिवस सुकवा आणि लगेच पेरा. हे "लगेच" फार महत्त्वाचं आहे. करवंदाचं बी डब्यात घालून पुढच्या वर्षासाठी ठेवलं तर उगवत नाही. वांग्या-मिरचीच्या बियांसारखं ते टिकाऊ नसतं.

पिशव्या विकत आणू नका. दुधाच्या, तेलाच्या रिकाम्या पिशव्या धुवून त्यांना खाली चार-पाच भोकं पाडा. माती, कुजलेलं शेणखत आणि नदीची वाळू समप्रमाणात मिसळून भरा. प्रत्येक पिशवीत दोन बिया टाका, बोटाच्या एका पेराहून कमी खोल. कडुनिंबाच्या सावलीत ठेवा आणि रोज थोडं शिंपडा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात, कधी जास्तही लागतात. पुढचे काही महिने ते रोप इतकं सावकाश वाढतं, की वैताग येतो. त्याचा स्वभावच तसा आहे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते पिशवीतच राहू द्या.

रोपं किती लागतील? घरामागची जागा २० फूट लांब आणि १५ फूट रुंद धरू. चारही बाजू मिळून ७० फूट होतात. एक २० फुटांची बाजू घराच्या भिंतीची, ती वजा केली की राहिले ५० फूट. ये-जा करायला तीन फूट सोडले तर ४७ फूट. दोन फुटांवर एक रोप धरलं, तर चोवीस-पंचवीस रोपं लागतात. काही मरतील म्हणून चाळीस पिशव्या भरा. ज्यांची जागा पूर्ण गुंठाभर आहे, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, त्यांना चारही बाजूंना मिळून साठ-पासष्ट रोपं लागतील.

लावताना आपल्या हद्दीच्या आत किमान दोन-तीन फूट सरकून लावा. करवंद पसरतं. रोप हद्दीवर लावलं, तर पाच वर्षांनी त्याचा निम्मा घेर शेजाऱ्याच्या जागेत जाईल, आणि मग जे भांडण होईल ते शेळीच्या भांडणापेक्षा मोठं असेल. जाऊबाईची आणि तुमची परसदाराची जागा सामाईक असेल, तर खड्डा खणायच्या आधी तिला सोबत घ्या. कुंपणाचा अर्धा भाग तिचा, अर्धं फळ तिचं. घरच्या पुरुषांनाही आधी सांगा. पुढे कुणाला तिथे ट्रॅक्टर उभा करायचा असला, की पहिला घाव झाडावर पडतो. ज्या बाजूने मुलं शाळेत जातात किंवा गल्लीतून बैलगाडी जाते, त्या बाजूला करवंद नको. तिथे दुसरं काही लावा.

खड्डा हातभर खोल आणि तेवढाच रुंद घ्या. उन्हाळ्यात खणून तापू द्या, मग शेणखत आणि माती भरा. दोन चांगले पाऊस झाले की आषाढात रोप लावा. तापीकाठच्या यावल-रावेरच्या मैत्रिणींनी एक लक्षात ठेवावं. तुमची काळी माती पाणी धरून ठेवते आणि करवंदाला पाय ओले राहिलेले चालत नाहीत. म्हणून तिथे वरंबा करून त्यावर लावा. मुरमाड जागेत तशी गरज नाही.

पहिले दोन उन्हाळे जपायचे असतात. तळाशी भोक असलेलं जुनं मडकं घ्या, भोकात कापडाची वात घाला, दोन रोपांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरा आणि भरून वर झाकणी ठेवा. पाणी हळूहळू मुळाशी झिरपतं. मातीवर गव्हाचं काड, केळीची वाळलेली पानं, भुईमुगाची टरफलं असं काहीही पसरा, म्हणजे ओल टिकते. न्हाणीचं पाणी वळवायचं असेल तर साबणाचं पाणी सरळ रोपाच्या बुडाशी सोडू नका. ते आधी केळीच्या किंवा अळूच्या खड्ड्यातून जाऊ द्या. कोवळा शेंडा शेळी सोडत नाही, म्हणून ही दोन वर्षं बाहेरून काटे हवेतच.

रोप कमरेएवढं झालं की शेंडा खुडा. जीव होत नाही खुडायला, एवढं कष्टाने वाढवलेलं! पण शेंडा खुडल्याशिवाय बाजूच्या फांद्या फुटत नाहीत. नुसतं उंच वाढलेलं करवंद खालून मोकळं राहतं, आणि कोंबडीला तेवढी फट पुरते. नंतर दरवर्षी एकदा छाटणी करायची, पण कधी? फळं संपल्यावर, पावसाच्या सुरुवातीला. थंडीत छाटू नका. थंडी सरता सरता फांद्यांच्या टोकांना पांढरी, वासाची फुलं येतात. ती टोकंच कापली तर फळ कुठून येणार? छाटलेल्या फांद्या वाटेवर टाकू नका, कुंपणाच्या बुडाशी जिथे फट आहे तिथे कोंबा. काटा खोल रुतला तर काढून जागा साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आरोग्यसेविकेला विचारा. हळद लावून गप्प बसू नका.

कीड फारशी येत नाही. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोळी अर्क फवारा. दहा लिटर पाण्याला अर्धा किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून घ्यायची. एवढ्यावर भागतं.

काही मावश्या म्हणतात, काटेरी झाड दारात नको, घरात भांडणं होतात. मावशी, लिंबाला काटे नाहीत का? बोरीला? लिंबू तर आपण दारातच लावतो, आणि नजर लागली की त्यालाच बांधतो. परसदारी काटा असावा, तो घर राखतो.

उलट कुंपणाला सर्रास दिसणाऱ्या दुसऱ्या काही झाडांची भीती जास्त आहे. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. शेळी खात नाही म्हणून लावतात. शेळी खात नाही, कारण ती विषारी आहे. तिचं बी मुलाच्या पोटात गेलं तर हृदयावर परिणाम होतो. करवंद आणि बिट्टी दोन्हींना पांढरा चीक असतो, म्हणून मुलांना दोन्ही झाडं हात धरून ओळखवा. तशीच घाणेरी. तिलाही काळी बारीक फळं येतात, मुलं तोंडात टाकतात, आणि पाला खाल्ला तर गुरं आजारी पडतात. मुलाने असं काही खाल्लं असं वाटलं तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. १०८ ला फोन करा आणि झाडाची फांदी सोबत घेऊन दवाखान्यात जा.

आता फळ. तिसऱ्या-चौथ्या वर्षी यायला लागतं. कच्चं, हिरवं फळ तोडलं की चीक निघतो, म्हणून हाताला आधी तेल लावा आणि फळं मिठाच्या पाण्यात घाला. कच्च्याचं लोणचं, हिरवी मिरची घालून चटणी, गूळ घालून आंबटगोड भाजी. पिकलेल्याचं सरबत आणि मुरंबा. चिकटपणामुळे मुरंबा आपोआप घट्ट होतो, बाहेरून काही घालावं लागत नाही.

करवंदाने रक्त वाढतं, असं आपण ऐकत आलोय. त्यात किती खरं? वाळलेल्या करवंदात लोह भरपूर असतं, असं जुन्या आहार-तक्त्यांत दिलेलं आहे. पण वाळलेली करवंदं वाटीभर कोण खातं? खरा उपयोग त्याच्या आंबटपणाचा आहे. त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे भाकरीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. म्हणून बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, मेथीची भाजी आणि सोबत चमचाभर ताजी करवंदाची चटणी, असं जेवण करा, आणि त्यावर लगेच चहा पिऊ नका. चहा ते लोह अडवतो. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या मात्र करवंदाच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत. आमच्या गटांत हे बंद करणं फार चालतं, म्हणून ठासून सांगतो.

विकायचं का? पंचवीस झाडांवर उद्योग उभा राहत नाही. पिकलेलं करवंद दोन-तीन दिवसांत उतरतं. पण गटातल्या दहा जणींनी कुंपणं केली, तर कच्च्या फळांचं लोणचं एका जागी घालता येईल. विकायचं ठरलं तर अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करा. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगासाठी केंद्र सरकारने २०२० साली जी योजना आणली, तिच्यात गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सदस्येला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल ठेवलेलं आहे. सध्या अर्ज घेत आहेत का, ते तालुक्याच्या उमेदच्या कार्यालयात विचारा. मोठ्या फळाची जात हवी असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' आहे. तिच्या रोपांसाठी धुळ्याच्या, किंवा जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. बियांपासून केलेल्या झाडांची फळं सारखी निघत नाहीत, कुणाचं गोड, कुणाचं आंबट. कुंपणाला तेवढं चालतं.

एक विनंती डोंगराजवळच्या गावांना. जंगलातून फळं आणा, बी आणा, पण करवंदीची झाडं उपटून आणू नका. मोठं झाड उपटलं की बहुधा मरतं. शिवाय त्या जाळ्यांवर डोंगरातल्या भगिनींचा उन्हाळ्याचा बाजार चालतो. वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क त्यांना दिलेला आहे. आपल्या परसात करवंद आलं म्हणून त्यांची पाटी परत पाठवू नका. आपलं झाड फळाला येईपर्यंत तरी त्यांच्याकडूनच घ्यायचंय, बीसुद्धा.

ज्या ताईंकडे अंगणच नाही, भाड्याची खोली आहे, त्यांनी एक रोप तेलाच्या जुन्या डब्यात लावावं. कुंपण होणार नाही, पण चटणीपुरती फळं मिळतील. बाकीच्यांनी पुढच्या मासिक बैठकीला येताना धुतलेल्या रिकाम्या पिशव्या आणि घरात जमलेल्या बिया आणाव्यात. पिशव्या तिथेच भरू. ज्यांच्या दारात कडुनिंबाची दाट सावली आहे, त्या ताईंनी रोपं ठेवायला जागा द्यायची आहे, त्यांनी आपलं नाव गटाच्या सचिवांकडे लिहून द्यावं.